आक्काला दम लागतो

शाळेत आम्हाला श्वसन शिकवलं, उत्सर्जन शिकवलं नाही. नववीच्या शास्त्राच्या पुस्तकात दोन्ही धडे लागोपाठ होते. पहिल्या धड्यावर सर कितीतरी दिवस रमले. दुसरा आला तेव्हा त्यांनी पानं उलटली, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, "हा घरी वाचून या." वर्गात आम्ही चार-पाच मुली होतो, म्हणून. लघवी हा शब्द पोरींसमोर कसा उच्चारायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न.

आमच्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. शाळा भोरला, आम्ही भाटघर धरणाच्या बाजूच्या गावातून चालत यायचो, आणि शाळेत मुलींना जायला जागाच नव्हती. म्हणून आम्ही दिवसभर पाणी पीत नव्हतो. हे कुणी शिकवलं नव्हतं. थोरल्या मुलींचं बघून धाकट्या तसंच करायच्या. मधल्या सुट्टीत मुलं नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायची आणि आम्ही भिंतीशी उभ्या राहून भाकरी कोरडीच गिळायचो. त्याची तेव्हा चीडसुद्धा येत नव्हती. चीड नंतर आली, काही उपयोग नसताना.

श्वसनाचा धडा मात्र झकास झाला. सरांनी तळ कापलेली काचेची बाटली आणली होती. तिच्या बुचातून एक नळी आत गेलेली, नळीला खाली दोन फाटे आणि प्रत्येक फाट्याला एक फुगा. बाटलीच्या बुडाला सायकलच्या ट्यूबचं रबर ताणून बांधलेलं. सरांनी रबर खाली ओढलं की आतले फुगे फुगायचे, सोडलं की बसायचे. "छाती हवा ओढत नाही," सर म्हणाले, "ती नुसती जागा करून देते. हवा आपसूक आत येते." ते रबर म्हणजे श्वासपटल, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटकाकडून बोकडाची फुप्फुसं आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून. गुलाबी, ओली, हाताला लोण्यासारखी. बादलीत टाकली तर ती तरंगली. आत बारीक बारीक पिशव्या असतात, त्या सगळ्यांत हवा असते, म्हणून ती बुडत नाहीत. त्या पिशव्यांच्या पातळ भिंतीतून प्राणवायू रक्तात जातो आणि रक्तातला वाईट वायू बाहेर येतो, असं सर म्हणाले. मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "सर, आता ही घरी न्यायची का?" सगळे हसले. मीही हसले.

त्याच दिवसांत आक्का माहेरी आली.

आक्का माझी थोरली बहीण. चौथीत शाळा सोडलेली, लग्न होऊन तिसरं वर्ष सरत आलेलं. तिचं सासर वेल्ह्याकडे, डोंगराच्या अगदी पोटात. अजून मूल नव्हतं आणि त्यावरून सासरी बोलणी सुरू झाली होती. सासू तोंडावर काही म्हणायची नाही, पण दाजींसाठी कुठल्याशा गावी दुसरी पोरगी बघून ठेवलीय, एवढं आमच्या कानावर आलं होतं. आईला त्या काळजीनं जेवण जात नव्हतं.

आणि आक्का आली ती ही एवढी भरलेली! गाल वर आलेले, हात गोल, पाटल्या मनगटात रुतलेल्या. एरवी सासरहून येताना ती काडीसारखी होऊन यायची. गल्लीतल्या बाया बघायला आल्या. "आगं बया, काय अंग धरलंय पोरीनं! मानवलं की सासर!" आईनं दृष्ट काढली. मीठमोहरी चुलीत टाकली तेव्हा चांगली तडतडली, तर आई म्हणाली, "बग, केवढी लागली हुती."

सकाळी आक्काला उलट्या व्हायच्या. मग आईनं तिला आत नेऊन हळूच विचारलं. पाळी चुकलेली होती, आणि एकदा नव्हे. आई बाहेर आली ती पदरानं डोळे पुसतच. गावच्या सुईणबाईला बोलावलं, तिनं पोट चाचपलं आणि मान डोलावली. संपलं. एवढ्यावर सगळं ठरलं. उलट्या, चुकलेली पाळी, सुजलेले पाय, कंबरदुखी, तोंडाला चव नसणं, जे म्हणाल ते एकाच गोष्टीत बसत होतं. आता बसतंय म्हटल्यावर आणखी कोण कशाला शोधतंय!

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात आई लेकीला चोळी शिवते. फारसा गवगवा करायचा नाही, कुणाची नजर नको, म्हणून तिला चोरचोळी म्हणतात. आईनं हिरवा खण आणला आणि हातानंच शिवायला घेतली. माप म्हणून आक्काची लग्नातली चोळी घेतली होती. शिवून झाल्यावर बाही दंडात जाईना. आईनं हसत शिवण उसवली आणि बाही सैल केली. पुढच्या आठवड्यात तीही घट्ट झाली. आई पुन्हा उसवायला बसली. "ल्योक हाय गं," शेजारची चुलती म्हणाली, "ल्योक असला की अशी अंगावर येती बाई." आक्का लाजली. तिचे डोळे सकाळी इतके सुजलेले असायचे की लाजताना ते दिसेनासेच व्हायचे.

तिच्या एका बोलण्याची मला आजही आठवण आहे. आम्ही दोघी पहाटे अंधारात बाहेरच्या बाजूला जायला निघालो, तर ती म्हणाली, "तू जा. मला न्हाई लागली." मी म्हटलं, "आगं, काल पण न्हाई म्हणलीस." तर म्हणाली, "आता लई बरं झालंय बग. दिसातनं एकदा गेलं तरी भागतं."

सासरी ही तिची मोठी अडचण होती. नव्या सुनेनं एकटीनं जायचं नाही, जावेबरोबर जायचं, आणि तेही उजाडायच्या आत नाहीतर दिवस बुडाल्यावर. मधल्या वेळात लागली तर दात-ओठ खाऊन बसायचं. लावणीच्या दिवसांत बांधावर पुरुष असायचे, तिथं कुठं जाणार? ती पाणीच प्यायची नाही. दुखायचं, जळजळायचं, ताप भरायचा, पण असलं दुखणं कुणाला सांगणार? सासऱ्यांना? तेव्हा आता आपोआपच लागत नाही म्हटल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं. आईलाही वाटलं. मलाही वाटलं असणार.

घरी वाचायला सांगितलेला तो धडा मी पडवीत बसून वाचला. मोठ्यानं वाचायची माझी सवय, आणि आक्काला ऐकायला आवडायचं. ती तांदूळ निवडत होती. मी वाचलं की शरीरात सतत घाण तयार होते. काही घाण फुप्फुसं वायूच्या रूपानं बाहेर टाकतात, काही घामातून जाते, आणि बाकीची रक्तातून गाळून काढायचं काम मूत्रपिंडं करतात. ती दोन असतात, घेवड्याच्या बीच्या आकाराची. अंगातलं सगळं रक्त दिवसातून कितीतरी वेळा त्यांच्यातून फिरतं. आत बारीक गाळण्या असतात. हवं ते रक्तात परत जातं, नको ते लघवीतून जातं.

"घेवड्याच्या बी येवढी?" आक्का म्हणाली.

"येवढी न्हाई. आकार तसा. मुठीयेवढी असतात."

"आन् कुठं असतात?"

मी तिच्या पाठीवर हात ठेवून दाखवलं, कमरेच्या वर, कण्याच्या दोन्ही बाजूंना. ती सुपातला खडा टिपत म्हणाली, "हितंच तर दुकतं मला." आई आतून ओरडली, "पोटुशीची कंबर दुकनारच की! बसू नगं येवढा येळ." झालं. धडा संपला. त्यासाठी मी स्वतःला दोष देत नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोर मी, पुस्तकातली मूत्रपिंडं पुस्तकातच असतात असं मला वाटायचं.

नंतर नंतर तिच्या तोंडाला वास यायला लागला. आम्ही एकाच वाकळेवर झोपायचो. तिचा श्वास माझ्या तोंडावर यायचा आणि त्याला गोठ्यातल्या मुतारीचा वास असायचा. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "गोठा भितीपलीकडं हाय, वास यायचाच." पुढं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की मूत्रपिंडांनी हात टेकले की ती घाण रक्तातच फिरत राहते आणि श्वासालासुद्धा तिचा वास येतो.

मग तिला आडवं होता येईना. पडली की दम लागायचा. ती कणगीला टेकून बसून राहायची आणि बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. पोर वर चढलंय, बाया म्हणाल्या. पण पोट काही वर आलेलं नव्हतं. "आजून हालत न्हाई गं," आक्का आईला म्हणायची. आई म्हणायची, "पयलटकरणीला उशिरा कळतं." एका सकाळी तिचे ओठ निळे दिसले, तेव्हा आबांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, कुणाला न विचारता बैल जुंपले. मी बरोबर गेले. दवाखान्यात काही वाचायची, लिहायची वेळ आली तर आबांना मी लागायची.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आधी आक्काच्या पायावर अंगठा दाबला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. मग पाठीला नळी लावून ऐकलं, बराच वेळ, खालून वर. मग लघवी मागितली. थोडीशीच निघाली, चहासारखी काळपट. ती त्यांनी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर धरली. मी बघत होते. ती गरम झाली आणि वरून पांढरी झाली, नासलेल्या दुधासारखी गोठली. डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, माझ्याकडे बघितलं आणि ठेवून दिली.

आक्काला बाकावर बसवून त्यांनी आबांना आत बोलावलं. मीही गेले, मला कुणी नको म्हटलं नाही. ते म्हणाले, "दिवस गेलेले नाहीत. पोटात मूल नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालीत, दुखणं जुनं असणार. अंगात पाणी साठलंय, आता ते फुप्फुसांत उतरलंय. म्हणून दम लागतो."

आबा म्हणाले, "पर सुईण म्हणली..."

"सुईणीचं चुकलं," डॉक्टर म्हणाले. रागावून नव्हे. थकून म्हणाले.

मला त्या क्षणी बादलीत तरंगणारी बोकडाची फुप्फुसं दिसली. त्यात पाणी भरलं तर ती बुडतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. रडू आलं नाही, भीती वाटली नाही. पाय बधीर होतो तसं सगळं अंग झालं होतं आणि ते पुढं कितीतरी दिवस तसंच राहिलं.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं सुया दिल्या, पाणी उतरलं, आक्का आठ-पंधरा दिवस नीट झोपली. तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मुंबईला रक्त धुवायचं यंत्र असतं म्हणे, पण तेही असल्या दुखण्याला कुठवर पुरणार, असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि घरी न्या म्हणाले. परत येताना कापूरहोळला एस. टी. बदलायची होती. आक्काला एका ढाब्याच्या बाकड्यावर बसवून आबा मला बाजूला घेऊन गेले.

"तुज्या आयला यातलं काय सांगू नगंस. आन् तिला तर न्हाईच."

मी विचारलं, "का?"

"सासरी कळलं तर उद्या दुसरी आनत्याल. हितं बसून ते ऐकायचं तिनं? तेवढं तरी राहू दे तिच्याजवळ." आबांनी ढाब्याकडे बघितलं. "चा पितीस का?"

मी नको म्हटलं. ते चहा न पिताच परत आले.

घरी आल्यावर आईनं कपाळावर हात मारला. सूज उतरली होती आणि खालची आक्का दिसत होती, नुसती हाडं. "कसलं आवशद दिलं मेल्यांनी! भरल्या अंगाची पोर न्हेली आन् काय आनलीत ही!" आबा बैलांना वैरण टाकायला गेले. आईनं चोरचोळी काढली आणि सैल केलेल्या बाह्या पुन्हा आत घेऊन शिवल्या. या खेपेला चोळी आक्काला नीट बसली. ती घालून ती पडवीत बसली तेव्हा मला म्हणाली, "आता पोर झालं की सगळ्यांची तोंडं बंद हुतील बग." मी "व्हय" म्हटलं.

सूज परत आली. माघात ती गेली, सकाळी, चुलीवर दूध होतं तेव्हा. शेवटचे दोन दिवस श्वास मोठे मोठे होते, लांबून आल्यासारखे, मधेच थांबणारे. खालचं रबर जिवाच्या आकांतानं ओढलं जात होतं, पण फुगे भरत नव्हते. मग ते थांबलं. आईनं हंबरडा फोडला. मी उतू जाणारं दूध उतरवलं.

दाजी आणि सासरची माणसं आली. बायांनी तिला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. चोळी तीच. तेवढ्यात भावकीतले एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "पोटुशी बाई गेलीय. जे करायचं ते करून घ्या." म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. पोटुशी गेलेली बाई हडळ होऊन घरी परत येते, म्हणून मयताच्या मागून वाटभर राळे टाकत जायचं. इवलेसे दाणे ते. एकेक मोजत बसल्याशिवाय तिला पुढं येता येत नाही, आणि मोजून होईतो उजाडतं. शिवाय उंबऱ्यात खिळा ठोकायचा. चुलतीनं राळ्यांचं सूप भरूनही आणलं.

तेव्हा आबा उभे राहिले. "राळं टाकायचं न्हाईत," ते म्हणाले. "तिच्या पोटात काय न्हवतं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आईसुद्धा.

"दागदर म्हणला मला. तिचं गुर्दं गेलं हुतं. पोर न्हवतंच." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तू सांग गं. तू शिकलीयास. सांग यास्नी."

मी सांगितलं. भिंतीशी उभी राहून, परीक्षेत सांगतात तसं सांगितलं. मूत्रपिंडं रक्तातली घाण गाळतात. ती निकामी झाली की पाणी अंगात साठतं. मग ते फुप्फुसांत जातं, म्हणून दम लागतो. उलट्या होतात, पाळी थांबते. माझा आवाज अगदी सरळ होता. माझा मलाच तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

मग म्हातारे हलक्या आवाजात म्हणाले, "पोरीला आत न्या कुनीतरी. बापाचंबी डोकं ठिकानावर न्हाई." दाजी खाली मान घालून बसले होते. आई माझ्याकडे बघत होती. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे चोळी..."

आक्काला उचललं. राळे टाकलेच. आमच्या दारापासून धरणाच्या पाण्याकडे उतरणाऱ्या वाटेनं पार खालपर्यंत, मुठीमुठीनं. उंबऱ्यात खिळा ठोकला.

दुपार कलल्यावर माणसं पांगली. मी आत बसले होते, घागरीकडे बघत. बाहेर खरखर ऐकू आली म्हणून आले, तर आबा पकड घेऊन उंबऱ्यातला खिळा उपसत होते आणि आई खराटा घेऊन वाट झाडत होती. दारापासून सुरुवात केली होती, आता ती उतारावर पोचली होती. राळे बारीक, मातीत रुतलेले. ती वाकून वाकून ते बाजूच्या गवतात लोटत होती. चुलती पडवीतून ओरडली, "आगं ये बाई, काय करतीस! येड लागलं का तुला? येईल की ती घरी!"

आई थांबली नाही. वर न बघताच म्हणाली, "येऊ दे की. मोजत कुठं बसंल ती? आदीच दम लागतोय तिला."

मी गोठ्यातला दुसरा खराटा आणला आणि खालच्या बाजूनं झाडायला लागले.